राजदूताचा फोन

सुगत कासारे माझा विद्यार्थी. डिलाईल रोडच्या चाळीत वाढला आणि पुढे आखातातल्या एका देशात आपला राजदूत झाला. तिथे कुणी भारतीय मजूर दगावला, की त्याच्या घरी सुगत स्वतः फोन करायचा. हे काम त्याने कधी हाताखालच्यांवर सोडलं नाही.

गेल्या मार्चमध्ये त्याने आधी मला फोन केला.

"बाई, इंदूमावशीजवळ जाऊन बसाल? तिचा भूषण गेला. बांधकामावरून पडला. चेहरा उरलेला नाही."

इंदूमावशी कासारेंची चाळीतली शेजारीण, भूषण तिचा मुलगा. सुगतची आई कामावर गेली की त्याला हीच जेवू घालायची. मी पोचले, तेवढ्यात त्याचा फोन आला; मावशीने तो स्पीकरवर घेतला. आवाज ओळखून मावशी खुलली.

"काय रे साहेब, आज बरी आठवण झाली! आमच्या भूषणला जरा सुट्टी मिळवून दे की."

सुगतने सांगितलं. मी तिचा हात धरून होते. तिने विचारलं, "तू बघितलंस त्याला?"

"हो, मावशी."

"तोंड कसं होतं?"

"शांत. झोपल्यासारखं. पण पेटी उघडू नका."

पेटी आली. बुद्धवंदना झाली. नातेवाईक म्हणाले, एकदा तोंड बघू द्या. मावशी पेटीला बिलगली. "नको. सुगतने बघितलंय."

त्यानंतर सुगत दोनदा मुंबईत येऊन गेला, पण चाळीत फिरकला नाही. मावशी मात्र त्याची वाट बघते. भूषण शेवटी कसा दिसत होता, ते त्याला समोर बसवून तिला नीट विचारायचं आहे.