नितेशच्या वाकसाचा दांडा

रामचंद्र मेस्त्रींना कुणी म्हातारा म्हटलेलं खपत नसे आणि त्यांच्या हत्यारांना कुणी हात लावलेलाही. कांदिवलीला, चारकोपच्या एका तळमजल्यावरच्या खोलीत, पलंगाखाली त्यांची लाकडी पेटी असे. आत रंधे, पटाश्या, गिरमिटं, सगळं तेल लावून फडक्यात गुंडाळलेलं. माणसांशी इतकं नीट वागला असतास तर वहिनी सुखात गेली असती, असं शेजारचे अंबादास त्यांच्या तोंडावर म्हणत. अंबादास गिरणीतले जुने सोबती. एवढं बोलायची मुभा त्यांना एकट्यालाच होती.

गिरणीत मेस्त्री सुतारखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते रडत बसले नाहीत. पेटी उचलली आणि दारं-खिडक्यांची कामं धरली. एकुलता मुलगा नितेश हाताशी आला, तसं त्यालाही सोबत घेतलं.

नितेश डावखुरा होता. मेस्त्रींच्या लेखी तो आजारच होता आणि तो त्यांनी बरा करायला घेतला. एका चौकटीला दोन सुतार लागले की दोघांचे घाव एकाच बाजूने पडले पाहिजेत, नाहीतर एखाद्याचं बोट जायचं, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण त्यासाठी त्यांनी जे केलं ते सांगायलाही बरं वाटत नाही. पोराने लाकूड तासायचा वाकस डाव्या हातात धरला की मनगटावर लाकडी पट्टी बसायची. सहा महिने हे चाललं. सातव्या महिन्यात पोरगा मुकाट्याने उजव्या हाताने लाकूड तासायला लागला.

त्या दिवशी मेस्त्रींनी आपल्या वडिलांचा वाकस त्याला देऊन टाकला. कणकवलीच्या लोहाराने घडवलेलं ते पातं तीन पिढ्या टिकलं होतं. दांडा मात्र दर पिढीला नवा लागे, कारण घराची रीतच तशी होती. दांडा ज्याच्या हाताचा, हत्यार त्याचं. मेस्त्रींनी बाभळीचा दांडा बसवला, मुठीपाशी उजव्या अंगठ्यासाठी खळगा कोरला आणि पुढची वीस वर्षं भेटेल त्याला ऐकवलं की पोराचा हात आपण वळवला. आयुष्यात दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं बिचाऱ्यांकडे.

पुढे नितेश मढला बंगल्यांमध्ये शूटिंगचे सेट उभे करायला जाऊ लागला. मेस्त्री अधूनमधून तिकडे चक्कर मारत आणि मुलाच्या कामात खोट काढून घरी येत.

दोन वर्षांपूर्वी नितेशला कावीळ झाली. पाच दिवस तो इस्पितळात होता. तिसऱ्या दिवशी सिस्टर सलाईनची सुई बदलायला आली, तेव्हा तो क्षीण आवाजात म्हणाला, “उजव्या हाताला लावा, सिस्टर.” मेस्त्री लगेच मध्ये पडले. उजवा त्याचा कामाचा हात आहे, त्याला धक्का लावू नका, डाव्यालाच राहू द्या, असं त्यांनी तिला बजावलं. नितेश वडिलांकडे बघून जरासा हसला आणि त्याने डावा हात पुढे केला. पोरगा तापात बरळतोय, असं मेस्त्रींना वाटलं. पाचव्या दिवशी तो गेला.

त्या साली सुतक म्हणून दसऱ्याला हत्यारं पुजली नाहीत. पुढच्या साली पेटी उघडायचा धीर झाला नाही. यंदा मात्र मेस्त्रींनी मनाशी ठरवलं की काही झालं तरी नितेशचा वाकस पाटावर मांडायचा. डोळे अधू झाले होते, हात कापत होता, पुढचा दसरा कुणी पाहिलाय. त्यांनी पेटी ओढली, फडकं सोडलं, तर मांडीवर पिवळसर भुकटी सांडली. पात्याजवळचा दांडा किडीने पोखरला होता.

मोडकं हत्यार पूजेला चालत नाही. सून दीप्ती म्हणाली की हार्डवेअरच्या दुकानात तयार दांडे मिळतात, येताना आणते. मेस्त्रींनी तिच्याकडे असं काही पाहिलं की तो विषय तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी वखारीत जाऊन त्यांनी स्वतः बाभळीचे दोन तुकडे निवडून आणले.

जुन्या दांड्याची पाचर काढली, पातं वेगळं केलं. मुठीवर नितेशने सायकलच्या ट्यूबचं रबर घट्ट ओढून बसवलं होतं. घामाने हात सरकू नये म्हणून असेल, असं मेस्त्री इतकी वर्षं समजत आले होते. मापासाठी मूठ उघडी हवी, म्हणून त्यांनी ब्लेडने रबर चिरलं.

त्यांनी कोरलेला खळगा तिथे नव्हता. सरस आणि लाकडाचा भुसा भरून कुणीतरी तो साफ बुजवला होता, घासून पार सपाट केला होता. मूठ फिरवली तर दुसऱ्या बाजूला एक खळगा होता, चांगला खोल आणि वापरून वापरून नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झालेला. मेस्त्रींनी आपला डावा अंगठा त्यात टेकवला. तो बरोबर बसला.

दीप्ती कामावरून आली तेव्हा दांडा मांडीवरच होता.

“तुका म्हायत होता?” त्यांनी विचारलं.

दीप्तीने चिरलेलं रबर पाहिलं आणि ती खाली बसली. “हो बाबा. सेटवर सगळ्यांनाच माहीत होतं. तुम्ही यायचात तेव्हा ते हात बदलायचे.”

“माका कित्याक नाय सांगल्यान?”

“मी म्हणायचे त्यांना, सांगून टाका एकदा. तर म्हणायचे, बाबांकडे मिरवायला तेवढंच एक आहे, राहू दे.”

मेस्त्रींना सिस्टर आठवली. ती सुई आठवली. पोराने शेवटी एकच गोष्ट मागितली होती, आपला कामाचा हात मोकळा राहू दे एवढीच, आणि तीसुद्धा त्यांनी मिळू दिली नव्हती.

दसऱ्याला चार दिवस होते. मेस्त्रींनी पहिला तुकडा तासायला घेतला, पण साठ वर्षांची सवय. नकळत खळगा उजव्या अंगठ्याचाच कोरून बसले. तो तुकडा त्यांनी बाजूला ठेवला. दुसऱ्याला मात्र प्रत्येक छिलका काढून झाला की मूठ डाव्या हातात धरून बघायचे, पुन्हा थोडं काढायचे. पट्टी मारायच्या दिवसांत आपला डावा हात असा कधी वापरून पाहिला असता तर, हा विचार त्यांना सोडेना, आणि त्यांनीही तो झटकला नाही. तिसऱ्या दिवशी काचेच्या तुकड्याने मूठ घासून, तेल पाजून, त्यांनी पातं चढवलं आणि पाचर ठोकली.

दसऱ्याला सकाळी पाट मांडला. हत्यारं ओळीने, सगळे दांडे उजवीकडे, मांडायची पद्धतच तशी. मेस्त्री फुलं वाहायच्या बेतात असताना अंबादास आले आणि नेहमीसारखे बोलून गेले.

“मेस्त्री, वाकस उलटा ठेवलास रे.”

“उलटो नाय,” मेस्त्री म्हणाले. “नितेशचो तो.”

अंबादासांनी दीप्तीकडे पाहिलं. मेस्त्रींनी एकेका हत्याराला फूल वाहिलं, कुंकू लावलं. वाकसापाशी आल्यावर ते थांबले. उजव्या हातातलं झेंडूचं फूल त्यांनी डाव्या हातात घेतलं. देवाच्या कामात डावा हात चालत नाही, हे अंबादासांना ठाऊक होतं आणि मेस्त्रींना तर होतंच. डाव्या हातानेच त्यांनी ते फूल वाकसावर ठेवलं.