गार्गीची फ्रेंच शाळा

"मॅडम, मशीन बिघडलंय का बघा," आप्पा म्हणाले.

मशीन ठीक होतं. हिअरिंग टेस्टमध्ये पाच वर्षांच्या गार्गीला बारीकातला बारीक आवाज ऐकू येत होता. तरी पोरगी दिवाळीपासून गप्प होती.

मी अंबाजोगाईत स्पीच थेरपिस्ट आहे. उशिरा बोलणारी, अडखळणारी मुलं माझ्याकडे येतात. आप्पांचं सिरसाळ्यात बी-बियाण्यांचं दुकान. नातीला त्यांनी नव्या फ्रेंच इमर्शन शाळेत घातलं होतं. इमर्शन म्हणजे गणितापासून डबा खाण्यापर्यंत सगळं त्या भाषेतच. अशा शाळेत मुलं सुरुवातीला नुसतं ऐकतात, मग बोलू लागतात. त्याला सायलेंट पिरियड म्हणतात. तो आजार नव्हे. पण गार्गी घरीही बोलत नव्हती. ते मला खटकलं.

घरी तिच्याशी कोण बोलतं, असं मी विचारलं. आप्पांनी सुनेकडे, गार्गीच्या आईकडे पाहिलं. सुनेनं जमिनीकडे.

"कुणीच न्हाई," आप्पा म्हणाले. "शाळेनं सांगितलं, पोरीसमोर मराठी बंद. फ्रेंच तर आमाला येत न्हाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गार्गी घरात आली की सगळे गप्प. भाकरी हवी तर बोट दाखवायचं. दोन्ही काका भांडायला गच्चीवर जायचे. आई झोपवताना नुसतीच थोपटायची. गल्लीत बातमी पसरली, की या घरात कुणीतरी गेलं. लोक भेटायला आले. घरातलं कुणी बोलेना, म्हणून तेही थोडा वेळ मान खाली घालून बसले आणि निघून गेले.

मी हसू दाबलं. घरची भाषा पक्की असली, तरच दुसरी तिच्यावर चढते, हे समजावलं. 'भूक' म्हणजे काय हे ठाऊक असलं, की फ्रेंचमध्ये फक्त नवा शब्द लागतो. मग लिहून दिलं: घरात मराठी बोलणे. गोष्टी, गाणी, भांडणंसुद्धा.

"किती टाइम?" आप्पांनी विचारलं.

"ती जागी असेपर्यंत."

"मग शिक्का मारा. शाळेत दाखवावा लागंल."

बाहेर कॉरिडॉरमध्येच आईनं पोरीला कडेवर घेतलं आणि तिच्याशी बोलायला लागली. लिफ्ट येऊन गेली तरी थांबली नाही.

पुढच्या व्हिजिटला गार्गीनं आधी मराठीत काकांची तक्रार केली. मग फ्रेंचमध्ये माझ्या खुर्च्या, खिडक्या, पंखे मोजून दाखवले. शाळा तीच आहे.

आता मूल बोलत नाही म्हणून कुणी आलं, की मी आधी विचारते, तुम्ही बोलता का? बरेच जण विचारात पडतात.