मोरीनबाईचं पाठांतर

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. दोह्यातल्या खिडकीवर धूळ बसते तसे ते बसतात. सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा बोटभर थर. माझ्याकडे जी धूळ साठलीय, ती सगळी शेजारच्या मोरीनबाईची.

इथे कतारला, दोह्याच्या अल हिलाल भागात मी मुलाकडे राहते. भिंतीपलीकडच्या व्हिलात ही आयरिश बाई, आपल्या मुलीकडे. मुलगी फियोना, शाळेत शिकवते. मोरीनबाईचा जन्म गेला नाटकात आणि सिनेमात. आता पंच्याहत्तरी उलटलीय, आणि पाठ केलेलं मधेच निसटतं. मध्यंतरी तिकडच्या एका सिनेमातून निरोप आला, आईचं काम आहे, एक सीन फोनवर शूट करून पाठवा. फियोना म्हणाली, "शेवटचा चान्स, मम्मी. वाक्य अडकलं की खलास. मग या कामाचं नाव घरात काढायचं नाही."

मोरीनबाई तालमीला माझ्या किचनमध्ये येऊन बसली. स्वतःच्या घरात चुकलं तर मुलीला दिसतं. माझ्याकडे चुकलं तर मला कुठे कळतंय? इंग्रजी मला लिफ्टपुरतं येतं, अप आणि डाउन. बाकी मधे माझी सून रुबीना. लुसैलच्या ऑफिसातून आली की पर्स ठेवायच्या आत आमची दुभाषी.

* * *

पहिल्या दिवशी नावावरूनच घोळ. रुबीना म्हणाली, "अम्मी, यांना मोरी म्हणा. तिकडे सगळे लाडाने तेच म्हणतात."

मी म्हटलं, "मोरी? अगं, मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. शेजारणीला तोंडावर मोरी कशी म्हणू?"

रुबीनाने तेही इंग्रजीत सांगितलं. या सुनेच्या पोटात काही राहत नाही. बाई खो खो हसली. म्हणाली, "आमच्या टीकाकारांनी याहून वाईट जागी नेऊन बसवलंय मला."

तेव्हापासून मी पूर्ण मोरीनबाई म्हणते. तीन अक्षरं जास्त, पण इज्जत राहते.

* * *

तिचं पहिलं काम मढ्याचं. खरंच. पडदा उघडतो तेव्हा ही स्टेजवर मरून पडलेली, आणि बाकीचे भोवती बसून रडणार. बोलायचं काही नाही. घरी मात्र सांगितलं की मला मोठं काम मिळालं.

तिची आई गावाहून बघायला आली. तिने जन्मात नाटक पाहिलेलं नव्हतं. पहिल्या रांगेत बसली, लेकीला जमिनीवर पडलेलं बघितलं, थोडा वेळ सोसलं, मग उभी राहून म्हणाली, "मोरीन, ऊठ. लादी गार आहे, छाती भरेल."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, उठले. आईसमोर आमच्याकडे कोणाची छाती आहे पडून राहायची?"

मॅनेजरने दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. नाटकवाल्यांनी मात्र पुढच्या आठवड्यात परत बोलावलं. लोक तिकीटखिडकीवर विचारायला लागले होते, मढं कुठल्या खेळाला उठतं?

* * *

सिनेमात गेली ती हिरॉइन व्हायला. दोन-तीन वर्षं झालीही. मग एके दिवशी डायरेक्टर फोनवर म्हणाला, "तुझ्या चेहऱ्यात माया आहे." ती इतकी खूश झाली की घरी केक घेऊन गेली. पुढल्या सिनेमात कळलं, माया आहे म्हणजे आता आईचं काम. हीरो हिच्यापेक्षा वयाने मोठा. मेकअपवाला रोज हिचे केस पांढरे करायचा आणि त्याचे काळे.

मी म्हटलं, "आमच्याकडे सून घरात आली की बाई म्हातारी होते. तुमच्याकडे बरं आहे, नुसत्या फोनवर होते."

"हो ना," ती म्हणाली. "तोच हीरो गेल्या वर्षी भेटला. बायको आमच्या फियोनापेक्षा लहान. मला म्हणतो, मोरी, माझ्या आजीचं काम करशील?"

* * *

तालमीत तिची एक पद्धत. वाक्य विसरली की थांबायचं आणि मोठ्याने "लाइन!" म्हणायचं. मग रुबीनाने पुढचं वाक्य सांगायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या रत्नागिरीकडे लाइन म्हणजे वीज.

ती ओरडली, "लाइन!"

मी वर बघितलं. दिवे चालू. म्हटलं, "आहे की."

दोन मिनिटांनी पुन्हा, "लाइन!"

"बाई, आहे. आणि इथे जात नाही कधी. कतार आहे हे."

रुबीना हसून हसून खुर्चीवरून घसरली. तिला कळल्यावर मोरीनबाई पण हसली. मग कागद घडी करत म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. माझी तेवढी जाते."

रुबीनाने हे वाक्य माझ्यासाठी मराठीत केलं, पण जरा उशिराने.

* * *

अझीझियाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तेव्हा ती मला सोबत म्हणून घेऊन गेली. टॅक्सीचा ड्रायव्हर निघाला पंढरीनाथ, सोलापूरकडचा. आरशात बघत गप्प चालवत होता. मोरीनबाईने तेवढ्यात तालीम सुरू केली. सीन असा, की कित्येक वर्षांनी मुलगा दारात येऊन विचारतो, "आई, मी आत येऊ?" आणि आई त्याला हाकलून देते. आता समोर मुलगा कुठला? समोर मीच. माझ्यावर बोट रोखून जी काय सुरू झाली!

सिग्नलला पंढरीनाथ हळूच मागे वळला. "आज्जी, मॅडम तुम्हाला कामावरनं काढायल्या व्हय?"

"नाही रे. मुलाला घराबाहेर काढतेय."

त्याने बाहेरचं ऊन बघितलं. "आत्ता? दुपारच्याला?"

* * *

शूटिंगच्या दिवशी फियोना शाळेत. किचनच्या दारात रुबीना उभी, एका हातात फोन, तोंडी मुलाची वाक्यं. मी घावनाचं पीठ बाजूला सारून जागा करून दिली.

सुरुवात झकास झाली. रुबीनाने शेवटचं वाक्य म्हटलं, "आई, मी आत येऊ?"

मोरीनबाई थांबली. डोळे कोरे. रुबीनाकडे अशी बघायला लागली, जणू ही बाई कोण, आपल्या किचनच्या दारात का उभी आहे. रुबीना पुढचं वाक्य सांगणार, तेवढ्यात मोरीनबाईने ओट्यावरचं फडकं उचललं, टेबल पुसलं, खुर्ची ओढली आणि अगदी हळू म्हणाली, "बस. जेवलास का?"

कागदात असलं काही नव्हतं.

"कसं झालं?" तिने विचारलं. चेहरा खुललेला.

"चांगलं झालं," मी म्हटलं.

ती गेल्यावर रुबीना म्हणाली, "अम्मी, परत करायला सांगू? त्या त्याला हाकलायच्या विसरल्या."

"पाठव," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी डायरेक्टरचा फोन आला. आम्ही सगळ्या फियोनाच्या हॉलमध्ये, फोन स्पीकरवर. काम तुमचंच, तो म्हणाला. हाकलायचं वाक्य आम्ही काढून टाकलंय. ते थांबणं, पोटच्या पोराला न ओळखणं, आणि मग तो प्रश्न, चाळीस वर्षांत असं काही पाहिलं नाही. शूटिंगला हुबेहूब तसंच करा.

"नक्की," मोरीनबाई म्हणाली.

फियोनाने तिला मिठी मारली. फोन बंद झाला. मोरीनबाईने मुलीच्या खांद्यावरून रुबीनाला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं,

"कुठला प्रश्न?"