मामांचा झोपाळू तारा

माझे मामा चष्मे करतात. गिऱ्हाइकाला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं की त्यांचं एकच वाक्य: "घाई नको, परत बघा." या वाक्यावर दुकान तीस वर्षं चाललंय.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र वेगळाच उद्योग. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला, एका डोंगरावर, माणसाविना चालणारी दुर्बीण आहे. आपण मागणी नोंदवायची, ती फोटो काढून पाठवते. तिथली रात्र म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे मामांचं आकाशदर्शन चहाबरोबर होतं. हा नाद मी लावला, अशी माझी तक्रार मामी येईल त्याला सांगते.

मागणी कायम एकाच ताऱ्याची. तो बटू नोव्हा आहे. म्हणजे जोडीने फिरणारे दोन तारे. एक दुसऱ्याचा वायू ओढून स्वतःभोवती साठवत बसतो आणि साठा फार झाला की काही दिवस भडकून उठतो. मामांचा तारा आठ-नऊ वर्षांतून एकदा उठतो. एरवी इतका मंद, की फोटोत दिसतच नाही. गेल्या खेपेला मामा काविळीने आडवे होते आणि तारा उठल्याची पहिली नोंद दुसऱ्याच कुणीतरी केली. कावीळ ते विसरले, ती नोंद नाही.

"आज काय दिसलं?" मामी रोज विचारते.

"काही नाही."

"मग कालचाच फोटो चालला असता की."

परवा फोटो उघडला आणि मामा वैतागले. मधोमध टपोरा तारा. "दुर्बीण भलतीकडेच वळली. माझ्या जागी कधीच काही नसतं." चाचणीचा चष्मा घालून बसलेल्या आजोबांना तसंच ठेवून ते दुर्बीणवाल्यांना तक्रार लिहू लागले.

मामी फ्रेमा पुसत होती. तिने मान वाकडी करून पाहिलं. "अहो, डावीकडे ते तीन तारे तिरके आहेत. खाली ती जोडी. रोजचंच तर आहे सगळं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"नऊ वर्षं याच्यासमोर चहा पितेय. घाई नको, परत बघा."

मामांनी कालचा फोटो शेजारी लावला. मधला टपोरा सोडला तर सगळे तारे तेच होते. मग तक्रार पुसली आणि नोंद पाठवली. जगभरच्या यादीत पहिली. दुसरी सहा मिनिटांनी आली. तेवढ्यात मामांची तक्रार जेमतेम 'महोदय'पर्यंत पोचली असती.

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'तारा पत्नीने ओळखला.'

मामीने ते वाचलं, चष्म्याशिवाय. "बरं लिहिलंय. आता त्या आजोबांकडे बघा. मघापासून त्यांना एक अक्षर दिसत नाहीये."