गडग्यावरची परवानगी

"बाई, मी आत जाऊ की नको?"

फोनवर सुगंधा होती. दुपारचे तीन वाजून गेले होते. मी आरोग्य केंद्रात महिन्याचा रिपोर्ट भरत होते.

"कुठे आत?" मी विचारलं.

"दर्शनाच्या घरात. तिला कळा लागल्यात. दुसरी खेप आहे, भरभर चाललंय सगळं. गाडीला फोन केलाय. पण माझ्यावर मेमो आहे ना तुमचा. म्हणून विचारते."

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. ते मिळवायला मला अकरा मिनिटं लागली, आणि तरी ते मिळालं नाही. या गोष्टीला पाच वर्षं झाली. मी घरीसुद्धा कोणाला सांगितलेली नाही. पुढच्या वर्षी रिटायर होते आहे, निरोपाच्या भाषणात लोक माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलतील. त्याआधी हे लिहून ठेवावं म्हणते.

मी आरोग्य सहाय्यिका आहे. उपकेंद्रातल्या नर्स आणि गावोगावच्या आशा, यांच्या कामावर देखरेख ठेवायची हे माझं काम. आशा म्हणजे गावातलीच एखादी सून. ती घरोघर फिरते, गरोदर बायकांची नोंद ठेवते, त्यांना तपासणीला आणते. देखरेख म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामाखाली सही करणं. इतक्या वर्षांत माझी सही फार वळणदार झाली आहे.

आमच्या केंद्राच्या दारात एक फळा होता. 'घरी झालेल्या प्रसूती : शून्य', आणि खाली 'सलग दिवस', त्यापुढे आकडा. शिपाई रोज सकाळी देवाला फूल वाहिल्यासारखा तो आकडा वाढवायचा. बाळंतपण दवाखान्यात व्हावं, यालाच आम्ही संस्थात्मक प्रसूती म्हणतो. हे धोरण चांगलंच आहे. मी नोकरीला लागले तेव्हाची घरातली बाळंतपणं मी पाहिली आहेत, त्यांची मला अजिबात आठवण काढायची नाही. पण होता होता आमची काळजी बाईवरून उठली आणि फळ्यावर जाऊन बसली. त्या वर्षी तर आमच्या केंद्राचं नाव सत्कारासाठी पुढे गेलं होतं. मग काय, गरोदर बाई समोर आली की आम्हाला आधी फळा दिसायचा.

सुगंधाची वाडी सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळमाळावर. गाडी खाली साकवापर्यंत, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापर्यंत येते. तिथून वर पाखाडी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. धडधाकट माणसाला अर्धा तास, दिवस भरलेल्या बाईला उतरायला पाऊण तास. रस्ता मंजूर आहे. मी नोकरीला लागले तेव्हाही मंजूरच होता.

सुगंधाने साधा विचार केला. तारखेच्या आधी बाईला खाली आणून ठेवायचंच. पण एखादीच्या पोटातल्या पोराने घाई केली तर? म्हणून ती सातवा महिना लागला की त्या घरी जाऊन सासूला आणि शेजारणीला एकत्र बसवायची. आधी गाडीला फोन. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. बाळ ओढायचं नाही. बाहेर आलं की कोरड्या कपड्याने पुसायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, दोघांना पांघरूण घालायचं. आंघोळ घालायची नाही. नाळेला हात लावायचा नाही, ती गाडीतली माणसं बघतील. एवढंच. शिवाय प्रत्येक घरात एक बोचकं बांधून ठेवायची. त्यात उकळून उन्हात वाळवलेले सुती कपडे, साबणाची वडी, प्लॅस्टिकचा कागद, बाळाला टोपरं.

ही बोचकी मला माहीत होती. मी त्यांना हरकत घेतली नव्हती. खरं तर मला ती आवडली होती. पण आवडल्याचं मी कुठे लिहिलं नव्हतं, हे नंतर सोयीचं पडलं.

सत्काराच्या आधी तालुक्याचे साहेब पाहणीला आले. पाखाडी चढून वर येणारे ते पहिलेच साहेब, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. दर्शनाच्या पडवीत त्यांना पाणी दिलं. दर्शनाचा नवरा मुंबईला नोकरीला, घरात ती, तिची पहिली मुलगी आणि सासू लक्ष्मीकाकी. साहेबांची नजर खुंटीवरच्या बोचक्यावर गेली. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. काकीने मोठ्या कौतुकाने बोचकं सोडून दाखवलं आणि सुगंधाने शिकवलेलं सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकली नाही.

साहेबांनी बोचक्यात नाळ कापायचं ब्लेड शोधलं. ते नव्हतं, म्हणून थोडे नाराज झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे म्हणजे घरी बाळंत होण्याचं आमंत्रण आहे. तुम्ही सुपरव्हिजन करता ना?"

मी म्हणाले, "मला याची कल्पना नव्हती, सर."

सुगंधा तिथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कपड्यांची घडी घालायला लागली.

मेमो मीच लिहिला. 'आपण गरोदर मातांना घरी प्रसूती होण्यास प्रवृत्त करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. यापुढे घरी होणाऱ्या कोणत्याही प्रसूतीत सहभाग घेतल्यास आपणास कामावरून कमी करण्यात येईल.' 'प्रवृत्त' हा शब्द माझा. साहेबांना तो फार आवडला. ते म्हणाले, ड्राफ्टिंग चांगलं आहे तुमचं.

मग मी सहा घरांतून सहा बोचकी गोळा केली. लक्ष्मीकाकी देताना म्हणाली, "मग वो बाई, आयत्या वेळी काय करायचा?"

"आयती वेळ येणारच नाही. तारखेच्या आठ दिवस आधी सुनेला खाली आणून ठेवायचं."

"नि त्याच्याआधीच आला तर?"

"येत नाही," मी म्हणाले. बाळाच्या वतीने मी परस्पर शब्द दिला. वर तिला बजावलं, "आणि सुगंधाने शिकवलेलं सगळं विसरा. ते तुमचं काम नाही."

काकी बरं म्हणाली. मोठ्या बाई सांगतात म्हणजे तसंच असणार.

दर्शनाच्या कळा सुरू झाल्या त्या तारखेच्या एकोणीस दिवस आधी. भातझोडणीचे दिवस होते. वाडी सगळी खळ्यावर. घरात त्या दोघी सासूसुना आणि चार वर्षांची पोर. त्या पोरीनेच धावत जाऊन सुगंधाला बोलावलं.

आता हे समजून घ्या. त्या वाडीत मोबाइलला रेंज एकाच जागी येते, दर्शनाच्या अंगणाच्या गडग्यावर. गडगा म्हणजे जांभ्याचे दगड रचून केलेली कंबरेएवढी भिंत. त्यावर चढून उभं राहावं लागतं. म्हणजे विचारायचं तर बाहेर, आणि आत जायचं तर न विचारता. सुगंधा विचारत होती, कारण तसं तिला लेखी कळवलेलं होतं. माझ्याच ड्राफ्टिंगने.

मी तिला म्हणाले, "थांब तिथेच. फोन ठेवू नको. विचारते."

आमचे डॉक्टर शेजारच्या खोलीत होते. तरुण, भला माणूस. त्यांनी पेन खाली ठेवलं, परत उचललं. म्हणाले, "मॅडम, मेमोची कॉपी तालुक्याला गेली आहे. मी तोंडी काही सांगितलं तर माझ्यावर येईल. साहेबांना विचारून घ्या."

साहेब व्हीसीत होते. व्हीसी म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग. विषय होता मातामृत्यू टाळणं. त्यांच्या क्लार्कने निरोप आत नेला. मी दुसऱ्या फोनवर थांबले. मग साहेब आले.

"संस्थेत आणायला सांगा."

"सर, कळा फार जवळजवळ येताहेत."

"मग गाडीत घ्या."

"गाडी साकवाशी थांबते, सर. वर येत नाही."

"म्हणजे गाडीपर्यंत तरी आणा. आशाने हात लावला की घरची प्रसूती झाली, मॅडम. सत्कार पुढच्या आठवड्यात आहे."

"सर, सुगंधाला आत जाऊ देऊ का?"

"मी नाही म्हटलेलं नाही," साहेब म्हणाले. "मी हो पण म्हटलेलं नाही. तुम्ही सीनियर आहात. परिस्थिती पाहून घ्या." आणि ते मातामृत्यू टाळायला परत गेले.

मी पहिला फोन कानाला लावला. पलीकडे सुगंधा नव्हती. लांबवर भात झोडल्याचा आवाज येत होता, आणि एक कोंबडी.

अॅम्ब्युलन्स आमच्या दारावरूनच जाते. मी तीत बसले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही कशाला, मॅडम. साकवापासून वर मी कशी चढले ते मला आठवत नाही. गाडीतला डॉक्टर आणि मदतनीस माझ्या पुढे होते.

घरात माजघरात दर्शना भिंतीला टेकून बसली होती. तिच्या छातीवर बाळ, आणि त्या दोघींवर गोधडी, चादर आणि वरून सुगंधाची ओढणी. सुगंधा बाळाची पाठ चोळत होती. मुलगी होती. रडत नव्हती, कुरकुरत होती. ओठ जांभळट. मी पायाला हात लावला. विहिरीतून काढलेल्या कळशीसारखा गार.

झालं होतं ते असं. बाळ आलं तेव्हा खोलीत फक्त लक्ष्मीकाकी होती. सुगंधाने शिकवलेलं तिने विसरायचं होतं, ते ती विसरली. मग तिला तिच्या सासूने शिकवलेलं आठवलं. बाळ चिकट दिसलं म्हणून तिने हंड्यातल्या थंड पाण्याने त्याला आंघोळ घातली.

"पाणी तापवायला वेळ नव्हता वो," काकी मला पुन्हापुन्हा सांगत होती. "सुगंधा गडग्यावर नि मी एकटी. मी काय करायचा होता?"

अंगणात येऊन सुगंधा म्हणाली, "म्हातारीला बोलू नका. तिने घातलीन आंघोळ, पण ती घालू नको म्हणणारी बाहेर उभी होती." मग विचारलं, "आली का परवानगी?"

दर्शनाला खुर्चीत बसवून खाली नेलं. झोडणी सोडून आलेल्या चार माणसांनी खुर्ची उचलली. मायलेकींना रत्नागिरीला हलवलं. पोरगी नऊ दिवस काचेच्या पेटीत होती, पहिले तीन दिवस कोणी काही खात्रीचं सांगत नव्हतं. बाप रातोरात मुंबईहून आला. पेटीसमोर उभा राहून मला म्हणाला, "बाई, तुम्ही वेळेवर पोचलात म्हणून." मी त्याला काही सांगितलं नाही.

पोरगी वाचली. आता बालवाडीत जाते, भांडखोर आहे म्हणतात.

रजिस्टर माझ्याकडे आलं. साहेबांचा फोन आधी आला होता. वाटेत झाली असं म्हणता येईल का, असं त्यांनी विचारलं. वाटेत झालेली प्रसूती घरच्या रकान्यात जात नाही. मी वेळ पस्तीस मिनिटांनी पुढे ढकलली आणि प्रसूतीचं ठिकाण 'वाहनात' असं लिहिलं. खाली वळणदार सही. फळ्यावरचा आकडा दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे एकाने वाढला. मुलीच्या दाखल्यावरही तेच आहे. कागदावर ती चाकांवर जन्मली; खरी जन्मली तिथे चाक कधी पोचलंच नाही.

सत्कारात मला शाल मिळाली. साहेब भाषणात म्हणाले, हे यश तळागाळातल्या कार्यकर्त्यांचं आहे. तळागाळातली कार्यकर्ती त्या दिवशी राजीनामा घेऊन माझ्या टेबलाशी आली होती. तिने कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं. मी तो पुढे पाठवला. मेमो मागे घ्यावा असं पत्र मी तीनदा लिहिलं आणि तिन्हीदा फाडलं. कारण त्यात बोचकी मला माहीत होती हे लिहावं लागलं असतं.

गेल्या वैशाखात मी तिच्याकडे गेले. ती आता शिवणकाम करते. मशीन चालूच होतं. मी एकदाचं सगळं बोलून टाकलं. कल्पना नव्हती म्हणाले ते, 'प्रवृत्त', काकीला विसरायला सांगितलं ते, रजिस्टर. माफी मागितली.

तिने दोरा तोडला. म्हणाली, "तुम्ही माफी मागून मोकळ्या व्हाल, बाई. मी कोणाची मागू? ती आतून ओरडत होती. मला गडग्यावर स्पष्ट ऐकू येत होतं. सहा मिनिटं मी उभी राहिले. मेमोने माझे पाय नव्हते बांधलेले."

"मीच तुला थांब म्हटलं होतं."

"हो. नि मी थांबले. म्हणून सोडलं काम. पुन्हा कोणी थांब म्हणालं असतं, तर पुन्हा थांबले असते की काय, याची भीती वाटायला लागली." मग ती परत मशीनवर वाकली. ब्लाऊज संध्याकाळी द्यायचा होता.

मी ओझं हलकं करायला गेले होते. निम्मं ती पाच वर्षं वाहत होती हे तिथे जाऊन कळलं.

तेव्हापासून हाताखालच्या कुठल्याही बाईला मी 'थांब, विचारते' असं म्हणत नाही. जा म्हणते, आणि काय ते नंतर माझ्या नावावर लिहिते. या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात त्याची दखल घेतली गेली आहे. 'वरिष्ठांची पूर्वपरवानगी घेण्यात कसूर करतात.' खुलासा मागवला होता. मी एका ओळीत दिला : शेरा बरोबर आहे, फार उशिरा आला आहे.