दादाच्या पाच मशिनी आणि कावळ्याला दिलेला शब्द

"आत्या, बाबा गेले," महेश फोनवर म्हणाला. मी टेकायला खुर्ची शोधत होते, तेवढ्यात त्यानेच पुढे जोडलं, "आणि आत्या, पुढच्या खोलीतल्या मशिनी हलवायला माणसं लागतील, लोकांना बसायला जागाच नाही." माझा सख्खा भाऊ सकाळचा चहा पिता पिता गेला ही बातमी, आणि त्याच्या मशिनींची अडचण होते ही तक्रार, दोन्ही एकाच दमात! आज सहा आठवडे झाले. असा लेख दुःखाने लिहायचा असतो हे मला कळतं, तीस वर्षं शाळेत निबंध तपासले आहेत. पण मला दुःखाच्या आधी राग येतो, आणि तो कागदावर उतरल्याशिवाय माझ्याच्याने दुसरं काही लिहवणार नाही. नगरहून एस.टी.ने श्रीरामपूरला पोहोचले तेव्हा दादा अजून घरातच होता, आणि पारनेरचे आमचे एक व्याही त्याच्या पायाशी हात जोडून उठले ते सरळ मशिनीच्या काचेवर हात फिरवत मला म्हणाले, "काय भाव येईल हो ताई आता हिला?" मी काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

दत्तूदादा एस.टी. डेपोत इलेक्ट्रिशियन होता. बसचे दिवे, हॉर्न, बॅटऱ्या यांत जन्म गेला. त्या काळी गावातल्या एका टॉकीजशेजारी खेळांचं पार्लर होतं, तिथे पिनबॉलची एक मशीन होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: चार पायांवर उभी लांबट पेटी, वर काच, आत उतारावर दिवे, घंट्या आणि रबरी खुंट्या. स्प्रिंग ओढून पोलादी गोळी सोडायची, ती धडका देत खाली येते, आणि पेटीच्या दोन बाजूंची दोन बटणं दाबली की आतल्या दोन दांड्या तिला परत वर उडवतात. दांड्यांच्या मधून गोळी निसटली की संपलं. दादा ती मशीन दुरुस्त करायला जायचा. पार्लर बंद पडलं, मालक ती भंगारात घालायला निघाला, आणि आमच्या या शहाण्याने टेम्पो करून ती घरी आणली. आमच्या गल्लीत निम्मी घरं ख्रिस्ती. समोरच्या मार्थाबाईंनी चार माणसांच्या खांद्यावरून उतरणारी ती लांब पेटी पाहिली आणि कपाळाला हात लावून धावत आल्या, "अगं बाई, कोण गेलं गं?" पुढं कितीतरी वर्षं गल्लीत त्या मशीनला शवपेटीच म्हणत.

दुसरी मशीन कशी आली, ते ऐका. घरात दूधदुभतं हवं म्हणून वहिनींनी त्याला घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला धाडलं. जत्रेत खेळ लावणारा एक म्हातारा तिथे आपला सगळा बाडबिस्तरा विकायला आला होता. दादा गाय बघायला गेला आणि संध्याकाळी टेम्पोत मशीन घेऊन परतला. सुमनवहिनी दारातच उभ्या होत्या. "गाय कुठं हाय?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "ही बी उभीच राहती चार पायांवर, आन् चारा मागत न्हाई." वहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी दादा मशीन उघडून बसला होता, हातात बॅटरी धरायला कोणी नव्हतं, तर त्यांनीच येऊन धरली. ती शेवटपर्यंत त्यांच्याच हातात राहिली. बाहेरच्या लोकांना वाटायचं, बिचारी बाई, नवऱ्याच्या वेडापायी पुढची खोली गमावून बसली. बिचारी! दुपारची भांडी झाली की ही बिचारी बाई पदर खोचून मशीनसमोर उभी राहायची आणि दादाच्या दीडपट गुण मिळवायची. दादा गल्लीभर सांगत सुटायचा, "आमच्या हिच्या हातातनं गोळी सुटतच न्हाई."

आता माझंही सांगते, कारण दुसऱ्यांवर तोंडसुख घ्यायचं आणि स्वतः नामानिराळं राहायचं, हे मला जमणार नाही. त्याच्या डोक्याशी सगळ्यात जास्त कटकट मीच केली. दादा, प्लॉट घे. दादा, नगरला सावेडीकडे जागा अजून हाताला येतेय. दादा, या डबड्यांना उद्या कोण विचारणार आहे? मी स्वतः प्लॉट घेतला. आज तिथे वेड्या बाभळी उगवल्यात आणि शेजाऱ्याशी हद्दीवरून वाद चाललाय. वर्षातून एकदा जाऊन लांबून बघून येते. तो प्लॉट बघून मला कधी हसू आलेलं नाही. दादा मात्र माझं सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "झालं का? आता चहा टाकू का?" पाचवी मशीन नगरच्या एका जुन्या क्लबातून निघाली, तेव्हा तर मी त्याच्याशी भांडूनच आले होते. लग्नाकार्यात त्याला 'पिनबॉलवाले' म्हणून हाक मारायचे आणि पंगतीत खसखस पिकायची. त्या हसण्यात मीही होते.

आणि मग कोणाच्या तरी मोबाईलवर तो व्हिडिओ आला. परदेशात कुठेतरी असलीच जुनी मशीन कित्येक लाखांना गेली म्हणे. झालं! जे काल शवपेटी म्हणत होते ते आज दादाला दूरदृष्टीचा माणूस म्हणायला लागले. अनोळखी लोक घरी येऊन विचारू लागले, मिस्त्री, आम्हीही एखादी घ्यावी म्हणतो, गुंतवणूक म्हणून बरी का? दादा त्यांना खरं ते सांगायचा. रबर वर्षा-दोन वर्षांत सडतं. कॉइल जळते. उंदरांना आतली वायर फार आवडते. सुटा भाग इथे मिळत नाही, स्वतःच्या हाताने घडवावा लागतो. जागा अडते, आणि विकायला काढली तर श्रीरामपुरात गिऱ्हाईक सापडायला जन्म जाईल. एवढं सांगूनही समोरचा हलला नाही तर म्हणायचा, "पैसाच वाढवायचा ना? मग पतसंस्थेत ठेव. बुडाली तर निदान मोर्चाला जाता येतं."

मलाही हल्ली कोणी विचारतं, तेव्हा मी त्याचंच उत्तर देते. नाही हो, अजिबात बरी नाही गुंतवणूक. पण मला एक सांगा, हा हिशोब माझ्या भावालाच का? हळदीला डीजे लावून भिंतींना तडे जाईपर्यंत नाचता, त्याचा परतावा कधी काढला? चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, ते विकून काय येतं? तिथे हौस. आणि एक माणूस आपल्या घरात, आपल्या पगारात, मेलेल्या वस्तू चालत्या करत बसला की लगेच सगळे जण बँकेचे मॅनेजर! चीड येते मला.

दहाव्याला प्रवरेच्या काठावर मांडव घातला होता. आमच्याकडे दहाव्याला प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. एक पुढारी उठले. दादाच्या उंबऱ्याला त्यांचा पाय कधी लागला नव्हता. म्हणाले, "काळाच्या पुढचं पाहून गुंतवणूक करणारा द्रष्टा आपल्यातून गेला." मी वहिनींकडे पाहिलं. त्या खाली मान घालून बसल्या होत्या. इकडे भाषणं चालली होती आणि तिकडे पिंडाला कावळा शिवत नव्हता. झाडावर बसलेले दिसत होते, खाली येत नव्हते. पाऊण तास झाला... ऊन चढलं... लोक घड्याळं बघायला लागले. जाणाऱ्याची काही इच्छा मागे राहिली की कावळा शिवत नाही असं आपण मानतो, आणि मग घरातल्यांनी हात जोडून शब्द द्यायचा असतो. कोणी म्हणालं, सुमनबाईंना सांभाळू म्हणा. महेशने तसं म्हटलं. कावळा हलला नाही. नातवंडांची नावं घेऊन झाली. शेवटी महेश पुढे झाला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, आणि मोठ्याने म्हणाला, "बाबा, तुमच्या मशिनी विकणार नाही. आई आहे तोवर एकही मशीन घरातून हलणार नाही." आणि खरंच सांगते, कावळा उतरला. सगळ्यांनी डोळे पुसले. मीही पुसले.

त्याला तीन आठवडे झाले नाहीत तोच वहिनींचा फोन. आवाज अगदी साधा. "वन्सं, रविवारी येता का? महेश मशिनी बघायला मानूस आनतोय." मी लगेच महेशला फोन लावला. विचारलं, नदीवर काय बोलला होतास? तर म्हणतो, "अगं आत्या, ते कावळा शिवावा म्हणून बोललो. एवढी माणसं उन्हात ताटकळली होती." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. म्हणजे काय, कावळा हा सरकारी कारकून आहे का, की काहीतरी लिहून दिलं, शिक्का मारून घेतला आणि सुटलो! मुलगा वाईट नाही, हेही लिहिलं पाहिजे. आई एकटी राहते याची त्याला काळजी आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्याने तिच्यासाठी खोली करून ठेवली आहे. पण मशिनी घरात आहेत तोवर आई हलणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून आधी मशिनी काढायच्या आणि मागोमाग आईला. वहिनींना काय हवंय हे कोणी विचारलंच नव्हतं. खरं सांगायचं तर त्या फोनपर्यंत मीही नाही.

रविवारी तो माणूस आला. तरुण, हातात पांढरे मोजे, खिशात छोटी बॅटरी. प्रत्येक मशीनभोवती फिरून मोबाईलवर फोटो काढत होता. चांगला बोलत होता, उगाच खोटं कशाला सांगू. मी विचारलं, "तुम्ही खेळता का?" तो हसला. "नाही मॅडम, खेळलं की झीज होते. आम्ही पॅक करून गोडाउनला ठेवतो. पाच-सात वर्षांनी भाव येतो." क्लबातल्या मशीनपाशी तो वाकला, बटणांच्या बाजूचा पत्रा त्याने बोटाने चाचपला. दोन्हीकडे तळहाताएवढ्या जागेतला रंग उडून आतला पत्रा गुळगुळीत झाला होता. "इथं कमी होणार," तो महेशला म्हणाला, "मूळ रंग गेलाय. वापर फार झालाय." मग मशीन चालू केली, तर उजवी दांडी उठेना. "आणि ही बंद आहे. बंद मशीनला फारसं काही धरता येत नाही."

तोपर्यंत वहिनी कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या. त्या उठल्या. आधी भिंतीतली विजेची पिन काढली. काच सरकवून भिंतीला लावली, आतला उताराचा फळा उचलून त्याला काठीचा टेकू दिला, आणि दादाच्या डबीतून पॉलिश पेपरचा तुकडा काढून आतल्या काळ्या पडलेल्या विजेच्या पट्ट्या घासल्या. कोणी न सांगता मी बॅटरी धरली. दोन मिनिटं लागली असतील. फळा खाली, काच वर, पिन लावली, बटण दाबलं... दांडी खटकन उठली. तो माणूस चकितच झाला. "अरे वा मावशी! चालू असेल तर गोष्ट वेगळी. चालू मशीनला भाव आहे."

"चालू हाय म्हनूनच द्यायची न्हाई," वहिनी म्हणाल्या.

महेश चिडला. आई, असं काय करतेस, मी तुझ्यासाठीच करतोय ना, वगैरे सुरू झालं. वहिनींनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मला शब्द देऊन मोडला असतास तर मी गप बसले असते. आईला फसवलं तरी चालतंय, आयांना सवय असती. पन तू तुज्या बापाला बोललास. आन् तो आता भांडायला येनार हाय का?" तो माणूस शहाणा, मोजे काढून घेऊन निघून गेला. महेशही संध्याकाळी पुण्याला गेला, जाताना आईच्या पाया पडला पण माझ्याशी बोलला नाही. नाही बोलला तर नाही! पुढच्या आठवड्यात त्या गिऱ्हाइकाने माझा नंबर कुठून तरी मिळवला, आणि मला म्हणाला, मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, मावशींना समजावा, मी भाव वाढवतो, झिजल्याचेही कापत नाही. मी म्हटलं, बाळा, तुला कळलं नाही, जे झिजलंय तेच आमचं आहे. आणि फोन ठेवला.

गेल्या रविवारी पुन्हा गेले होते. वहिनी आत भाकरी थापत होत्या. मी पुढच्या खोलीत एकटीच क्लबातल्या मशीनसमोर उभी राहिले. इतक्या वर्षांत दादाने कितीदा म्हटलं असेल, ये, एक डाव खेळून तर बघ. माझं ठरलेलं उत्तर, मला नाही वेळ. कसला वेळ नव्हता देव जाणे... बाभळी बघायला जायला होता! मी दोन्ही हात त्या रंग उडालेल्या जागी ठेवले. पत्रा गार होता. माझे तळवे लहान, त्याची जागा मोठी. डोळे भरले, मला काही दिसेना. वहिनी केव्हा पिठाच्या हातांनी मागे येऊन उभ्या राहिल्या आणि मशीन चालू करून, स्प्रिंग ओढून गोळी सोडून दिली कळलंच नाही. घंट्या वाजायला लागल्या, दिवे लागले, आणि त्या माझ्या कानाशी ओरडल्या, "दाबा की वन्सं! नुसता हात काय ठिवताय, गोळी चालली खाली!"