पेसादो आणि परीक्षेला सोबत येणारे बाबा

माझ्या प्रत्येक परीक्षेला बाबा सोबत आले. दहावीला पुलगावच्या केंद्राबाहेर, बी.ए.ला वर्ध्याच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर. कापसाच्या जिनिंगमधल्या हमालीचा खाडा करून, हातात पाण्याची बाटली आणि डबा घेऊन ते तीन-तीन तास उभे असत. आमच्या घरात शिकलेलं कोणी नव्हतं. पेपर कसा लिहावा हे त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून ते उभे राहत. मी आज जी काही आहे ती त्या उभं राहण्यामुळे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर ते कोणाला खरं वाटणार नाही.

नागपुरात एका कंपनीला स्पॅनिश येणारी माणसं हवी होती, म्हणून मी ऑनलाइन वर्गाला नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंनी एका आठवड्यात एकच विशेषण दिलं. पेसादो, म्हणजे जड. त्या म्हणाल्या, "नुसतं पाठ करू नका, घरातल्या गोष्टींना लावून बघा." नाचणगावच्या आमच्या दोन खोल्यांत मी ते लावत गेले. बाबा पाठीवर घेतात ते सरकीचं पोतं पेसादो. पोटात बसून राहणारे उडदाचे वडे पेसादो. पाऊस न पडता कोंदून आलेली दुपारसुद्धा पेसादो. आणि तेच तेच विचारून जीव नकोसा करणारा, पिच्छा न सोडणारा माणूसही पेसादो. या शेवटच्यासाठी मला घरात फार शोधावं लागलं नाही.

तोंडी परीक्षा घरूनच, मोबाइलवर होती. बाबा धुतलेला सदरा घालून माझ्यामागे स्टुलावर येऊन बसले.

"बाबा, या परीक्षेला सोबत लागत नाही."

"राहू दे न बेटा. मी काई बोलत नाई."

दहा मिनिटांत त्यांनी तीनदा विचारलं, "पानी देऊ का?"

परीक्षकांनी पेसादोची वाक्यं विचारली. मी पोतं सांगितलं, वडे सांगितले. ते मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. त्यांनी वर बघावं, मी त्यांच्या लक्षात राहावं, एवढंच मला हवं होतं. मी म्हणाले, "मि पाद्रे एस मुय पेसादो." माझे वडील अगदी जीव नकोसा करतात.

त्यांनी वर बघितलं. "पोर के?" का बरं?

मग मी थांबलेच नाही. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की हे सारखं पाणी विचारतात. काही कळत नसताना प्रत्येक परीक्षेला येतात. वाचता येत नाही, तरी पेपर सुटला की प्रश्नपत्रिका हातात घेऊन बघत बसतात. सर मोठ्यानं हसले. मला आणखी जोर चढला. "आत्तासुद्धा मागेच बसलेत, बघा," असं त्याच भाषेत म्हणत मी मोबाइल तिरपा केला.

बाबांना पाद्रे हा एक शब्द येत होता. मीच शिकवला होता. आपली ओळख करून दिली असं समजून ते स्टुलावरून उठले, हात जोडले आणि हसणाऱ्या त्या माणसाला वाकून नमस्कार केला.

"मुय बिएन," सर हसू आवरत मला म्हणाले. फार छान. मी पास झाले.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "ते सर काऊन हासले व?"

"तुमची ओळख करून दिली न."

"ओळखीले कोनी इतकं हासत नाई, बेटा."

पुन्हा त्यांनी विचारलं नाही. एरवी तीनदा विचारणाऱ्या माणसानं हे एकदाच विचारलं.

पुढच्या पातळीच्या परीक्षेलाही त्यांनी सदरा धुतला. पाण्याची बाटली भरून माझ्याजवळ ठेवली आणि ते बाहेर गेले. खिडकीतून बघितलं तर रस्त्यापलीकडे, उन्हात, घराकडे तोंड करून उभे होते. हाक मारली असती तर आले असते. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, आवाज आत येत होता. मी खिडकी लावून घेतली.